सांगलीचे की बडोद्याचे? विजय हजारे यांची लांबलेली खेळी

थंडी पडली की टीव्हीच्या तळपट्टीवर एक नाव सरकायला लागतं. विजय हजारे ट्रॉफी. कुणी दीडशे ठोकले, कुणी हॅटट्रिक घेतली, कुणाची भारतीय संघात वर्णी लागली. कॉलेजातल्या पोरांना ट्रॉफी पाठ असते. हजारे कोण म्हणून विचारलं तर निम्मी पोरं कुणी बोर्डाचे जुने अध्यक्ष असतील असं समजतात.

मागं एकदा बडोद्याला नागरवाड्यात आत्याकडे गेलो होतो. नागरवाडा, सलाटवाडा, रावपुरा, दांडिया बाजार या जुन्या भागांत अजूनही मराठी कानावर पडते. मधेच गुजराती शब्द येतो, पण क्रियापद मराठीच. गल्लीत पोरं टेनिस बॉलनं खेळत होती, एकमेकांवर ओरडताना गुजराती, घरातून आईनं हाक मारली की मराठी. जेवण झाल्यावर भाऊजींशी वाद लागला तो हजाऱ्यांवरून. मी म्हटलं ते आमचे, सांगलीचे. भाऊजींचं म्हणणं, जन्माला काय, माणूस कुठेही जन्मतो. राहिले कुठे, गेले कुठे, ते बघा. आत्यानं शेवटी दोघांनाही गप्प केलं आणि ताक पुढं केलं.

सीमेवरच्या माणसाला हा वाद नवा नाही. म्हणून म्हटलं, एकदा नीट मांडून बघावं.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. तेव्हा सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. घर मराठी ख्रिस्ती, वडील शाळामास्तर, भावंडं आठ. क्लबचं सदस्यत्व नाही, गिरणी नाही, जहागीर नाही. म्हणजे त्या काळात क्रिकेट खेळायचं तर दोनच वाटा होत्या. एक, घरचा पैसा. दुसरी, कुणी राजा भेटणं.

राजा भेटला तो देवासचा. विक्रमसिंहराव पवार. आपल्या वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणानं ओळखीचं असेल, कारण पुढं हेच कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. त्यांनी या सांगलीच्या पोराला माळव्यात नेलं, पदरी ठेवलं आणि खेळू दिलं. तेव्हा हजारे मुख्यतः गोलंदाज म्हणून ओळखले जात. मध्यमगती, टप्प्याला पक्के. बॅटिंग करायचे, पण उभं राहण्याची पद्धत बघून जाणकार नाक मुरडायचे. बॅट दोन पॅडच्या मधे धरलेली, बघणाऱ्याला वाटावं की हा आता अडखळून पडणार.

त्याच काळात ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट शिकवायला हिंदुस्थानात आला होता. कसोटीत दोनशे बळी घेणारा जगातला पहिला गोलंदाज. हजाऱ्यांना त्याच्या हाताखाली शिकायला मिळालं. ग्रिमेटनं काय केलं, तर उभं राहण्याच्या पद्धतीला हात लावला नाही. दिसायला वाईट असली तरी चेंडू बॅटच्या मधे लागतोय ना, मग राहू दे. आपल्याकडे मास्तर लोक पहिलं अक्षर वळणदार करायला लावतात आणि त्या नादात पोराचं लिहिणंच थांबतं. हजाऱ्यांच्या नशिबानं मास्तर परदेशी मिळाला.

मध्य भारताकडून काही हंगाम खेळून ते महाराष्ट्राकडे आले. कर्णधार प्रा. दि. ब. देवधर. महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोन वर्षं रणजी करंडक जिंकला तो याच काळात. त्यातल्या पहिल्या हंगामात पुण्याला एक सामना झाला. हजाऱ्यांनी नाबाद ३१६ केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाचं हे पहिलं त्रिशतक. नवव्या गड्यासाठी नगरवाला यांच्याबरोबर २४५ धावांची भागीदारी झाली.

समोरचा संघ कोणता होता माहीत आहे? बडोदा.

ज्यानं आपल्याला दोन दिवस उन्हात पळवलं त्यालाच आणावं, असा विचार बडोद्याच्या दरबारात झाला की नाही, हे मी कसं सांगणार. पण १९४१-४२ च्या हंगामापासून हजारे बडोद्याकडून खेळायला लागले. गादीवर प्रतापसिंहराव गायकवाड होते. संस्थानच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा मिळाला. जुने बडोदेकर त्यांना कॅप्टन हजारे म्हणायचे ते त्यामुळे. संघाचं कर्णधारपद फार नंतरचं. संस्थानं गेली, हुद्दे गेले, हजारे मात्र पुढची साठएक वर्षं बडोद्यातच राहिले.

इथं थोडं मुंबईला जायला हवं. तिथं तेव्हा पंचरंगी सामने भरायचे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे जातीधर्मांचे संघ, आणि पाचवा संघ १९३७ साली आला, त्याचं नाव द रेस्ट. म्हणजे उरलेले. बाकीचे. ख्रिस्ती, ज्यू आणि इतर कुठं न बसणारे. हजारे मराठी बोलणारे, मराठी मुलखातले, पण हिंदू संघात त्यांना जागा नव्हती. ते बाकीच्यांचे. गांधीजींना हे सामने पसंत नव्हते, आणि १९४६ नंतर ते बंदच पडले. पण बंद पडायच्या आधी या बाकीच्यांतल्या माणसानं ब्रेबॉर्न स्टेडियमवर जे केलं ते विसरण्यासारखं नाही.

१९४३-४४ चा हंगाम. मुस्लिम संघाविरुद्ध हजाऱ्यांनी २४८ केल्या, स्पर्धेतला विक्रम. अंतिम सामना हिंदूंशी. हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० करून हजाऱ्यांचा विक्रम दोन धावांनी मोडला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. बाकीच्यांचा पहिला डाव १३३ वर आटोपला. फॉलोऑन. सामना गेलेलाच होता, प्रश्न फक्त किती वाजता घरी जायचं एवढाच. मग हजारे खेळायला आले आणि संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांनी एकट्यानं केल्या. सहाव्या गड्यासाठी धाकटा भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली. त्यात विवेकच्या धावा २१. हा एकवीसचा आकडा मला तीनशे नऊपेक्षा जास्त आवडतो. सामना बाकीचे एक डाव आणि ६१ धावांनी हरलेच.

हरलेल्या सामन्यात एकट्यानं उभं राहणं हे पुढं त्यांच्या नशिबी वारंवार आलं.

दोन विजय होते त्या काळात. मर्चंट मुंबईच्या गिरणीवाल्या घराण्यातले, देखणे, बोलके, नंतर रेडिओवरही गाजलेले. हजारे अबोल. त्यांचा राग कुणी पाहिल्याचं फारसं ऐकिवात नाही. पत्रकारांना मर्चंटकडून मजकूर मिळायचा, हजाऱ्यांकडून धावा. त्यात महायुद्धानं चांगली वर्षं खाल्ली. कसोटीत पदार्पण झालं ते २२ जून १९४६ ला लॉर्ड्सवर. वय एकतीस पूर्ण. आजकाल या वयात पोरांना अनुभवी म्हणून विश्रांती देतात.

आणि आता तो बडोद्याचा सामना. मार्च १९४७, रणजीची अंतिम लढत, सेंट्रल कॉलेजचं मैदान. समोर सी. के. नायडूंचा होळकर संघ, म्हणजे इंदूरचा. होळकर २०२ सर्वबाद. बडोदा ३ बाद ९१ असताना हजाऱ्यांच्या जोडीला गुल महंमद आला. लाहोरचा पोरगा, उंचीनं लहान, डावखुरा, फटकेबाज. हा मारणारा आणि तो रोवून बसणारा. दोघं ५३३ मिनिटं खेळले, म्हणजे जवळजवळ नऊ तास. भागीदारी ५७७. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही गड्यासाठी जगातली सगळ्यात मोठी भागीदारी. बडोदा ७८४. होळकर पुन्हा १७३. एक डाव आणि ४०९ धावांनी करंडक बडोद्याला.

तारखेकडे लक्ष द्या. मार्च १९४७. पंजाबात तेव्हा दंगली पेटल्या होत्या. पाच महिन्यांनी देशाचे दोन तुकडे झाले. गुल महंमद भारताकडून आठ कसोटी खेळला, पुढं पाकिस्तानात गेला आणि १९५६ ला कराचीत पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळला. मराठी ख्रिस्ती आणि पंजाबी मुसलमान, दोघंही एका गायकवाडी संस्थानाच्या मीठभाकरीवर, आणि धावफलकावर त्यांची नावं एकत्र. रेषा ओढणाऱ्यांना ती वेगळी करता आली नाहीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय संघ ऑस्ट्रेलियाला गेला. समोर ब्रॅडमन, लिंडवॉल, मिलर. सिडनीत हजाऱ्यांनी ब्रॅडमनचा १३ धावांवर त्रिफळा उडवला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला पुन्हा उडवला, पण तोवर ब्रॅडमनच्या २०१ झाल्या होत्या आणि ऑस्ट्रेलियाच्या ६७४. भारताच्या पहिल्या डावात हजारे ११६, दत्तू फडकर १२३. तरी फॉलोऑन. दुसऱ्या डावात फलकावर शून्य असताना दोन गडी गेले. लिंडवॉलनं त्या डावात ३८ धावांत सात बळी घेतले. हजारे १४५. संघ २७७. साथ कुणी दिली, तर हेमू अधिकारी यांनी, अर्धशतक करून. तेही बडोद्याचेच. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे पहिले भारतीय. सामना एक डाव आणि १६ धावांनी गेला.

फेब्रुवारी १९४९. ब्रेबॉर्न, वेस्ट इंडिज. जिंकायला ३६१ हव्या होत्या. भारतानं तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. हजाऱ्यांनी १२२ करून सामना जिंकण्याच्या टप्प्यात आणला. ८ बाद ३५५. सहा धावा बाकी, फडकर खेळपट्टीवर, आणि षटक पुरं व्हायच्या आत पंचांनी बेल्स उचलल्या. वेळ चुकली, असं नंतर सगळे म्हणाले. नंतर म्हणून काय उपयोग.

तीन महिन्यांनी, १ मे १९४९ ला, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. सांगली आधीच गेली होती. ज्यांच्या आधारावर हजाऱ्यांसारखी माणसं क्रिकेट खेळली ते राजेच राहिले नाहीत. आपल्याकडे संस्थानं खालसा झाल्याचा आनंद होणं योग्यच आहे, पण पैलवान, गवई आणि क्रिकेटवाले यांच्या चुलीवर त्याचा काय परिणाम झाला, यावर फार कुणी लिहीत नाही.

१९५१-५२ ला इंग्लंडचा संघ आला आणि भारताचं कर्णधारपद हजाऱ्यांकडे आलं. दिल्लीला नाबाद १६४, मुंबईला १५५. सुरुवात तर झकास झाली. मग शेवटची कसोटी मद्रासला, ६ फेब्रुवारी १९५२ पासून. पहिल्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारल्याची बातमी आली आणि विश्रांतीचा दिवस अलीकडे ओढला गेला. विनू मंकड यांनी पहिल्या डावात आठ आणि दुसऱ्यात चार बळी घेतले. पंकज रॉय १११, पॉली उम्रीगर नाबाद १३०. इंग्लंड २६६ आणि १८३, भारत ९ बाद ४५७. एक डाव आणि ८ धावांनी विजय. १९३२ पासून वाट बघितलेला, पंचविसाव्या कसोटीत मिळालेला पहिला विजय. देशाला पहिली कसोटी जिंकून देणारा कर्णधार म्हणून आज शाळेच्या सामान्यज्ञानात हजाऱ्यांचं नाव यायला हवं. येतं का? आमच्या शाळेत तरी आलं नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये लीड्स. फ्रेड ट्रूमनचा पहिला सामना. पहिल्या डावात हजाऱ्यांनी ८९ केल्या, विजय मांजरेकर यांच्या १३३ धावांना साथ देत २२२ ची भागीदारी केली. तो डाव मात्र लोकांच्या लक्षात नाही. लक्षात राहिला तो दुसरा, भारत शून्य बाद चार. सहाव्या गड्यासाठी कोण उभं राहिलं? पुन्हा हजारे आणि फडकर. १०५ जोडल्या, हजारे ५६. त्या मालिकेत भारत तीन कसोट्या हरला, चौथी पावसानं वाचवली.

कर्णधारपदानं हजाऱ्यांची बॅटिंग खाल्ली, असं मर्चंट यांचं मत होतं. भारतीय क्रिकेटचं यात मोठं नुकसान झालं, असं ते जाहीरपणे मांडत. प्रतिस्पर्ध्यानं हे मांडावं हा त्यांचा मोठेपणा. माझं मत थोडं वेगळं आहे. हजाऱ्यांना कर्णधारपद जड गेलं ते डोकं कमी म्हणून नव्हे. त्या संघात राजांचे लाडके, मुंबईचे, उत्तरेचे, असे गट होते आणि या माणसाचा गटच नव्हता. पंचरंगीतला द रेस्ट तेवढा बंद झाला होता, हजारे बाकीच्यांतलेच राहिले. १४ कसोट्यांत कर्णधारपद, एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित. १९५३ च्या वसंतात वेस्ट इंडिजमध्ये किंग्स्टनला शेवटची कसोटी खेळली. एकूण ३० कसोट्या, २,१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतकं. कसोटीत हजार धावा करणारे पहिले भारतीय तेच.

कसोटीतून बाहेर पडल्यावर मोठा खेळाडू काय करतो? आज समालोचन, अकादमी, जाहिराती. तेव्हा काहीच नव्हतं. हजारे बडोद्याला परतले आणि खेळत राहिले. रणजीच. हाताखाली दत्ताजीराव गायकवाड, चंदू बोर्डे अशी पोरं तयार होत होती. १९५७-५८ ला बडोद्यानं गायकवाडांच्या नेतृत्वाखाली पुन्हा करंडक जिंकला तेव्हा चाळिशी ओलांडलेले हजारे त्या संघात होते. कधी काळी देशाचा कर्णधार असलेला माणूस आपल्यापेक्षा तेराएक वर्षांनी लहान कर्णधाराच्या हाताखाली निमूट खेळतोय, हे आज कुणाला जमेल, तुम्हीच सांगा. प्रथम दर्जाचं क्रिकेट सोडलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. खात्यावर १८,७४० धावा, ६० शतकं, आणि गोलंदाज म्हणून ५९५ बळी. हे बळी लोक विसरतात.

१९६० हे वर्ष दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवण्यासारखं. हजारे आणि जसू पटेल यांना पद्मश्री मिळाली. क्रिकेटपटूंना मिळालेली ती पहिलीच. आणि १ मे रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. बडोदा गुजरातेत गेलं. हजाऱ्यांनी गाव सोडलं नव्हतं, मुक्काम हलवला नव्हता. गायकवाडांच्या राज्यात राहायला आलेला माणूस जागेवर बसल्या बसल्या मुंबई राज्यात गेला आणि मग गुजरातेत. आपल्याकडे निपाणीत, बिदरात, बऱ्हाणपुरात असे कितीतरी आजोबा होऊन गेले. त्यांना राज्य विचारलं की ते आधी कोणत्या सालचं, असं विचारायचे.

पुढची चव्वेचाळीस वर्षं तशी शांत. काही काळ राष्ट्रीय निवड समितीवर होते, तिथं फार रमले नाहीत. १९८१ ला इंग्रजीत आत्मचरित्र आलं, ‘अ लाँग इनिंग्ज’. पुस्तकात कुणावर चिखलफेक नाही, म्हणून ते फार खपलं नसावं असा माझा कयास. मंडळानं सी. के. नायडूंच्या नावानं जीवनगौरव सुरू केला तेव्हा पहिल्या तिघांत लाला अमरनाथ, मुश्ताक अली आणि हजारे. तिसरा मान मिळाला तेव्हा वय ऐंशीच्या पुढं गेलं होतं.

मुंबईला राहायला गेले असते तर? प्रसिद्धी जास्त मिळाली असती, ओळखी वाढल्या असत्या, कदाचित मैदानाच्या एखाद्या स्टँडला नाव लवकर लागलं असतं. भाऊजींना मी हे म्हटलं तर ते हसले. बडोदेकराला मुंबई मोठी वाटते, पण राहावंसं बडोद्यातच वाटतं, असं त्यांचं गणित. कीर्तिमंदिर, सुरसागर, सयाजीबाग, सकाळी शेवउसळ आणि संध्याकाळी ओळखीची चार माणसं. सांगलीत जन्मलेल्या माणसाला तिथं मराठीत बोलायला माणसं मिळत होती. घर वाटायला याहून जास्त काय लागतं, मला ठाऊक नाही.

१८ डिसेंबर २००४ ला कर्करोगाच्या दीर्घ आजारानंतर बडोद्यातच ते गेले. वय एकोणनव्वद. ५७७ चा विक्रम तेव्हा अबाधित होता. दीड वर्षानं, जुलै २००६ मध्ये, कोलंबोला संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ करून तो मोडला. देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेला हजाऱ्यांचं नाव लागलं ते त्यानंतर. भारतातला आकडा टिकला २०१६ पर्यंत. तो मोडला वानखेडेवर, दिल्लीविरुद्ध, महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी, नाबाद ५९४. नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी अरुणाचलविरुद्ध नाबाद ६०६ करून त्याही पुढं मजल मारली.

मी हे आकडे घेऊन भाऊजींना फोन केला. म्हटलं, बघा, बडोद्याचा विक्रम शेवटी महाराष्ट्रानं आणि गोव्यानं मोडला. भाऊजी थोडा वेळ गप्प बसले, मग त्यांनी शांतपणे दाखवून दिलं की या तिन्ही भागीदाऱ्या तिसऱ्या गड्यासाठीच्या आहेत. बडोद्याची चौथ्या गड्याची. ती अजून कुणाला मोडता आलेली नाही.